पाकोळीचं जुनं घरटं

नदीवर पहिला पूलसुद्धा झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या कड्याच्या कपारीत सावळी नावाची पाकोळी राहायची. दरवर्षी ती जुनं घरटं पाडून टाकायची आणि चोचीने चिखलाचे गोळे आणून, थरावर थर लावून नवं बांधायची.

एका वर्षी नदी फार आटली. चिखल उरला तो फक्त एका डबक्याच्या काठी, आणि तिथेच एका खेकडीचं बीळ होतं. सावळी गोळे उचलू लागली, तसं बीळ ढासळू लागलं.

"अगं बाई, थांब!" खेकडी ओरडली. "माझ्या पोटाखाली पिल्लं आहेत. इथली ओल गेली तर ती जगायची नाहीत."

"आणि मी अंडी कुठे घालू?" सावळी चिडून म्हणाली.

"तू पाडलेलं घरटंही मातीचंच होतं ना?"

सावळी फणकाऱ्याने उडून गेली. पण आईला बिलगलेली ती पिल्लं काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी तिने कड्याखाली पडलेली जुन्या घरट्याची ढेकळं डबक्याच्या पाण्यात भिजवली. पहिला थर गळून पडला. मग तिने मातीत गवताच्या काड्या मिसळल्या आणि एक थर नीट वाळल्यावरच दुसरा चढवला. वेळ लागला, पण घरटं कपारीला घट्ट बसलं.

अंडी फुटली त्या सकाळी खेकडीची पिल्लं डबक्याकाठी तिरकी तिरकी धावत होती.

"काय गं, पुरली का माती?" खेकडीने खालून विचारलं.

"पुरली, आणि थोडी उरलीसुद्धा!" सावळी म्हणाली आणि पिल्लांसाठी किडे पकडायला निघाली.