दादासाहेबांच्या नावाची पाटी

सोनवडच्या सरपंच सगुणाबाई शेलार स्वभावाने मऊ, पण वेळ आली की भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या. समाजमंदिराच्या कामाच्या निविदा ग्रामसभेत उघडायच्या होत्या. तेवढ्यात ठेकेदार दादासाहेब रणनवरे मिशीवर हात फिरवत उभे राहिले. वरपर्यंत वट असलेला माणूस.

"काम मलाच द्यायचं," ते गरजले, "आणि दारावर माझ्या नावाची मोठी पाटी लावायची. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी नाव काढलं पाहिजे!"

माळवाडीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या वस्तीची पाण्याची टाकी याच दादासाहेबांनी बांधली होती. ती वर्षभरातच गळायला लागली आणि बायकांच्या नशिबी ओढ्यापर्यंतची पायपीट आली.

सगुणाबाई हसल्या. "पाटी हवीच, दादासाहेब. पण पहिला मान आधीच्या कामाचा. उद्याच माळवाडीच्या टाकीवर तुमचं नाव ठळक रंगवून घेते. तिथं तर लोक आत्ताही रोज तुमचं नाव काढतात!"

सभा खदखदून हसली. दादासाहेब लालबुंद झाले, मग हळूच म्हणाले, "रंगवायची घाई नको, बाई. आधी टाकी नीट करतो."

समाजमंदिराचं काम नियमाप्रमाणे कमी दरवाल्याला गेलं. दादासाहेबांनी मात्र शब्द पाळला. टाकी भरली त्या दिवशी बायका पहिला तांब्या घेऊन सगुणाबाईंकडे आल्या.

"मला कशाला? ज्यांनी पाणी दिलं त्यांना द्या," त्या म्हणाल्या.

बायकांनी तांब्या शेजारीच उभ्या असलेल्या दादासाहेबांपुढे धरला. "दादा, फार उपकार झाले."

पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले. सगुणाबाईंना हात जोडून ते म्हणाले, "बाई, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं."