दारावरचा जुना नाल

घोडी माणसांसारखी घडाघडा बोलायची, त्या काळची गोष्ट. बिजली नावाच्या टांग्याच्या घोडीला सकाळी नवे नाल ठोकले. जुन्यांतला एक मालकाने शकुनाचा म्हणून तबेल्याच्या दारावर लावला. मालक लगाम खेचत राहिला, तरी बिजली दिवसभर नव्या नालांच्या तोऱ्यात चौखूर उधळली. संध्याकाळी तिला पाय टेकवेना.

"मेल्यांनो, घात केलात!" ती नव्या नालांवर किंचाळली. मग लंगडत दाराशी गेली. "बाबा, तू होतास तेव्हा पाय कधी दुखला नाही रे!"

जुना नाल थक्क झाला. "अगं, मी नवा होतो तेव्हा माझ्याआधीच्या नालापाशी तू हेच म्हणत रडली होतीस!"

बिजलीने कान टवकारले. "मग तेव्हा पाय बरा कसा झाला?"

"दुसऱ्या दिवसापासून मालकाने लगाम खेचला, की तू थांबायचीस."