गेनूने अनुभव गाठीला बांधला

एका गावात गेनू नावाचा एक भोळा तरुण राहायचा. लोक त्याला भोळा म्हणायचे, कारण तोंडावर मूर्ख म्हणणं बरं दिसत नाही. घरी तो आणि त्याची आई सगुणा, दोघंच. गेनू दिसायला उंचापुरा होता. खांद्यावर वडिलांचं जुनं उपरणं टाकून गप्प उभा राहिला की चांगला शहाणा दिसायचा.

तो असाच गप्प उभा असताना शेजारच्या गावच्या सटवाजी माळ्यांनी त्याला पाहिलं. त्यांची मुलगी हौसा लग्नाची होती. हौसानेही त्याला पाहिलं आणि ती हो म्हणाली. तोवर गेनू बोलला नव्हता.

सटवाजी घरी आले. म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पण मला मुलगा नाही, मळा जावयालाच बघायचा आहे. कामाचा काही अनुभव आहे का?"

गेनूने आईला विचारलं, "आई, आपल्या घरात आहे का गं?"

सटवाजी हसले. त्यांना वाटलं, मुलगा गमत्या आहे. ते म्हणाले, "नसेल तर घेऊन ये. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत देतो. अनुभव आण आणि हौसाला घेऊन जा."

गेनूला हौसा फार आवडली होती. तो तडक दगडूशेट वाण्याच्या दुकानात गेला.

"शेट, शेरभर अनुभव द्या."

दगडूशेट म्हणाले, "अरे बाबा, अनुभव तागडीत मिळत नाही. तो येतो."

"कधी येतो?"

"वेळ आली की आपोआप येतो. जा घरी."

गेनू घरी गेला आणि ओट्यावर बसून राहिला. आई शेतात जायची, हा अनुभवाची वाट बघायचा. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दारात आला.

गेनू उठून उभा राहिला. "तुम्ही अनुभव का?"

त्या माणसाने गेनूकडे बघितलं. मग अंगणातल्या तांब्याच्या घंगाळाकडे बघितलं. म्हणाला, "हो, मीच तो."

गेनूने त्याला पोटभर जेवू घातलं. संध्याकाळी सगुणाबाई शेतातून आल्या.

"आई, अनुभव आला!"

"घंगाळ कुठं गेलं?"

"अनुभव घेऊन गेला."

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "चांगलाच अनुभव आला म्हणायचा! आता हा गाठीला बांध आणि जन्मभर विसरू नकोस. अनोळखी माणूस दारात आला की दार लावायचं आणि चोर चोर म्हणून ओरडायचं. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. त्याने उपरण्याच्या एका टोकाला गाठ मारली. एक अनुभव झाला.

आठ दिवसांनी हौसाचे मामा मुलाचं घर बघायला आले. नवा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. गेनूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याने उपरण्याची गाठ चाचपली, धाडकन दार लावलं आणि आतून ओरडला, "चोर! चोर!"

गावातले लोक धावून आले. आपल्याकडे चोराला आधी मारतात आणि मग नाव विचारतात. नाव विचारेपर्यंत मामांचा फेटा सुटला होता आणि पेढे कुत्र्याने खाल्ले होते.

मामा लंगडत निघून गेले. मार खाल्ल्याचं त्यांनी लाजेने घरी कोणाला सांगितलं नाही. सगुणाबाई रडकुंडीला आल्या. "अरे, हौसाचे मामा होते ते! पाहुण्याला असं करतात? पाहुण्याला हात धरून आत आणायचं, पाटावर बसवायचं. तो नको नको म्हणतो, पण ऐकायचं नाही. आग्रह करकरून वाढायचं. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. त्याने दुसऱ्या टोकाला गाठ मारली. दोन अनुभव झाले.

शेजारी तात्या राहायचे. तात्या गावातले सगळ्यात अनुभवी गृहस्थ. कोणी विहीर खणो की बैल घेवो, तात्या म्हणायचे, "थांब, मला यातला अनुभव आहे." विहिरीला पाणी लागलं नाही की म्हणायचे, "मला अनुभव होताच." त्यांची तीन लग्नं झाली होती आणि तिन्ही बायका वारल्या होत्या. तो अनुभवही ते अभिमानाने सांगायचे.

त्या आठवड्यात तात्यांचं पोट बिघडलं. वैद्यांनी त्यांना नुसत्या पेजेवर ठेवलं होतं. सगुणाबाईंनी गेनूच्या हाती वाटीभर पेज पाठवली. वाटेत गेनूने गाठ चाचपली. मग तो मागे फिरला आणि घरातली भाकरीची टोपली आणि हरभऱ्याच्या उसळीचं पातेलंही घेऊन गेला.

तात्या अंथरुणावर पडले होते. गेनूने त्यांना हात धरून उठवलं आणि पाटावर बसवलं.

"अरे, नको," तात्या म्हणाले.

आपलं बरोबर चाललं आहे अशी गेनूची खात्री पटली. आई म्हणालीच होती, नको म्हणतील.

"अरे नको नको, मरेन मी!"

"सगळे असंच म्हणतात," गेनू म्हणाला आणि त्याने चौथी भाकरी वाढली.

तात्या मेले नाहीत, पण पंधरा दिवस उठले नाहीत. उठल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं, की गेनूला बोलावून झापलं. "गाढवा, दुखणेकऱ्याला काय द्यायचं याचा तुला अनुभव आहे का? नाही ना? मग नीट ऐक. ज्या कामाचा आपल्याला अनुभव नाही त्यात हात घालू नये. अनुभवी माणसाला पुढं करावं आणि आपण मागं उभं राहून बघावं. बघून बघून अनुभव येतो. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. त्याने तिसऱ्या टोकाला गाठ मारली.

सगुणाबाईंनी ते बघितलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "बास झालं हं. चौथं टोक मोकळं ठेव. तिथं हौसाच्या पदराची गाठ पडायची आहे."

तुळशीचं लग्न झालं. सटवाजी मामांना घेऊन आले.

"काय गेनबा, आला का अनुभव?"

"आला ना. तीनदा आला." गेनूने उपरणं दाखवलं. "सगळे गाठीला आहेत."

सटवाजी खूश झाले. अनुभव हा शब्दच तसा आहे. नुसता उच्चारला की ऐकणारा मान डोलावतो, कसला ते विचारत नाही.

मामा मात्र दात खात म्हणाले, "दाजी, या मुलाचा मलाही चांगलाच अनुभव आहे."

"मग झालं तर!" सटवाजी म्हणाले. "घरच्याच माणसाचा दाखला मिळाला." आणि त्यांनी सुपारी फोडली. पुढे मामांना बोलायला कोणी जागाच ठेवली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. गेनू मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट, पलीकडे हार घेऊन हौसा. गेनूला मामा नव्हता, म्हणून पाठीशी तात्या उभे होते.

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पहिल्या कडव्याच्या शेवटी म्हणाले, "सावधान!"

गेनू दचकला. त्याने मान वळवून विचारलं, "तात्या, सावधान का म्हणतात?"

"लग्नात म्हणतात तसं."

"पुढं काय होतं?"

"तुला कसं कळणार? तुला अनुभव कुठाय!"

गेनूने उपरण्याची तिसरी गाठ चाचपली. "तुम्हाला आहे का?"

"तीनदा," तात्या छाती काढून म्हणाले.

"मग तुम्ही पुढं व्हा."

तात्यांनी थोडा विचार केला. मग त्यांनी गेनूच्या मुंडावळ्या सोडून स्वतःच्या कपाळाला बांधल्या आणि ते पाटावर चढले. कोणाचं लक्ष नव्हतं. भटजी पोथीत होते. अंतरपाट धरणाऱ्यांनी अक्षता डोळ्यांत जातील म्हणून डोळे मिटले होते. सगुणाबाई पदराने डोळे पुसत होत्या. मांडवातल्या लोकांचं चित्त जेवणात होतं.

मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली. अंतरपाट दूर झाला. हौसाने हार उचलून मान वर केली. समोर पांढऱ्या मिशा होत्या आणि त्या हसत होत्या.

हौसाचे हात तिथेच थांबले. "हे कोण?"

तात्यांच्या मागून गेनूने मान बाहेर काढली. "हे तात्या. फार अनुभवी आहेत. तुम्ही हार घाला. मी मागून नीट बघून घेतो. पुढच्या खेपेला मी उभा राहीन."

हौसाने एकदा तात्यांकडे बघितलं, एकदा गेनूकडे बघितलं. मग तो हार तिने मांडवाच्या खांबाला अडकवला आणि वडिलांच्या गाडीत जाऊन बसली. सटवाजी तिच्या मागे गेले. मामा सगळ्यांच्या पुढे होते.

तात्या म्हणाले, "मला अनुभव होताच."

सगुणाबाई रिकाम्या मांडवात मटकन खाली बसल्या. "मेल्या, सोन्यासारखी मुलगी गेली! बघ, कसला अनुभव आला हा!"

"हा पण अनुभव आहे?" गेनूने विचारलं.

मग त्याने उपरण्याचं चौथं टोक हातात घेतलं आणि त्याला घट्ट गाठ मारली.