गेनबाची जीप, मामींचं घर आणि एका बोटाचा फरक

एका गावात एक भोळा जीपवाला होता. गेनबा त्याचं नाव. अंगात बैलाचं बळ, मन लोण्याचं, आणि डोकं? डोकंही होतं की! पण त्यात एका वेळी एकच गोष्ट शिरायची, आणि शिरली की बाहेर निघायला तयार नसायची. वर आणखी, विसरायला नको म्हणून तो उपरण्याला गाठ मारून ठेवायचा.

घरात त्याची बायको कौसा आणि कौसाची आई भागूबाई. गेनबा सासूला मामी म्हणायचा. मामी अंगानं भरलेल्या आणि गुडघ्यांनी बेजार. कौसाच्या जन्माच्या वेळी त्यांनी नवस बोलला होता, डोंगरावरच्या वाघजाईची जत्रेत ओटी भरीन म्हणून. कौसाची लेक शाळेत जायला लागली तरी नवस तसाच. एसटीत पाय दुमडून बसवेना, आणि डोंगरावर रात्री पाठ टेकायला जागा नाही. "आता मेल्यावरच फिटायचा," असं मामी म्हणायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या.

गेनबाला ते बघवेना. रस्त्याच्या एका ठेकेदारानं चाकांवरची पत्र्याची खोली भंगारात काढली होती. गेनबानं ती आणली, रंगवली, आत खाट टाकली, खिडकीला पडदा लावला.

"मामी, हे तुमचं घर. जीपला जोडतो आणि पुनवेला पालखी उठायच्या आत तुमच्या हातानं ओटी भरवतो."

मामींना रडू आणि हसू एकदमच आलं. पुनव आठ दिवसांवर होती.

गेनबानं सामान भरलं. दार मागच्या बाजूला, म्हणून सगळं दाराशीच ठेवलं. पाण्याचं पिंप, लोखंडी ट्रंक, पाटा-वरवंटा. कोण आत वाकत बसणार? जीप वेशीपर्यंत गेली आणि मागचं घर कुत्र्याच्या शेपटीसारखं हलायला लागलं. चावडीचा ओटा गेला, पाटलांचं कुंपण गेलं.

गावात उस्मानभाई मिस्त्री होते. जीप, ट्रॅक्टर, ट्रॉली, सगळ्यांचे डॉक्टर तेच. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे गेनबा, बैलगाडी मागं जड झाली की उलार होऊन मागं कलंडते ना? तसंच हे. जड असेल ते पुढं घ्यावं!"

"चुकलं, मिस्त्री. ध्यानात ठेवतो." उपरण्याला एक गाठ.

दुसऱ्या दिवशी कौसानं त्याला सायकलवरून दळण आणायला पाठवलं. गेनबानं गाठ चाचपली. जड पुढं! पिठाचं पोतं त्यानं हँडलवर आडवं टाकलं आणि उतारावरून निघाला. सायकल पुढच्या चाकावर उभी राहिली, गेनबा पोत्यावरून पुढं गेला आणि दोघंही उकिरड्यात. घरी आला तेव्हा मुलं भूत भूत म्हणून पळाली.

"अरे गेनबा, सायकलवर वजन मागं ठेवावं! कॅरिअर कशाला असतं?"

"चुकलं, मिस्त्री. ध्यानात ठेवतो." दुसरी गाठ.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. गेनबा कावड घेऊन विहिरीवर गेला. वजन मागं! दोन्ही घागरी त्यानं कावडीच्या मागच्या टोकाला बांधल्या. कावड खांद्यावर घेतली मात्र, मागचं टोक खाली गेलं, पुढचं वर गेलं आणि जाता जाता समोर उभ्या सरपंचांचा फेटा विहिरीत उडवून गेलं.

"अरे गेनबा," मिस्त्री म्हणाले. आता त्यांचा आवाज बसायला लागला होता. "कावडीला दोन्हीकडं सारखं लागतं!"

"चुकलं, मिस्त्री. ध्यानात ठेवतो." तिसरी गाठ.

मग घर पुन्हा जीपला जोडलं. या खेपेला पहिली गाठ आठवून जड सामान पुढं घेतलं होतं, शाबास! पण घेतलं ते इतकं पुढं, की सगळा भार जीपच्या बुडावर आला. जीप मागं बसली आणि नाक आभाळात. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. गेनबानं जीपकडं पाहिलं, तिसऱ्या गाठीकडं पाहिलं. दोन्हीकडं सारखं! पुढं काय ठेवावं बरं तेवढं वजनदार?

"मामी, जरा बाहेर या."

मामी बॉनेटवर बसून गावातून निघाल्या. एका हातानं जीपचा आरसा धरलेला, दुसऱ्या हातात पदर, आणि तोंडात जावयाच्या सात पिढ्यांची आठवण. लोकांना वाटलं वरात आहे. बँडवाल्यानं दोन सूर वाजवूनही घेतले. गेनबाला मात्र मामींशिवाय पुढचं काहीच दिसेना, म्हणून जीप थेट उस्मानभाईंच्या दुकानात शिरली.

मिस्त्रींनी आधी मामींना उतरवलं, पाणी दिलं. मग भिंतीवरून लोखंडी पट्ट्यांच्या दोन जोड्या काढल्या.

"हे बघ. ह्या पट्ट्या जीप आणि घर यांच्यामध्ये लावायच्या आणि साखळीनं ताणायच्या. मग भार एकट्या जीपच्या बुडावर राहत नाही. पुढच्या चाकांवर जातो, घराच्या चाकांवरही जातो. घर हलकं असेल तर बारीक पट्टी, जड असेल तर जाड. हलक्या घराला जाड लावलीस तर गचके देऊन हाडं मोडेल, जड घराला बारीक लावलीस तर वाकेल. म्हणून आधी घर वजनकाट्यावर ने."

गेनबा घर रिकामं करून घेऊन गेला.

"अरे, सामान कुठंय?"

"तुम्ही घराचं वजन सांगितलंत. पिंपाचं कुठं सांगितलंत?"

मिस्त्रींनी त्याला पिंपासकट परत पाठवलं. आकडा आला तसा जाड पट्ट्यांचा जोड निवडला, बसवला आणि जीपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले.

"आता शेवटचं. जीप एकटी उभी असते तेव्हा चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत माप घे. घर जोडलं की पुन्हा घे. माप जवळपास जुळलं पाहिजे. फरक फार वाटला तर साखळीची एखादी कडी कमीजास्त कर. आणि एकदा जुळलं की हात लावायचा नाही."

गेनबाच्या डोक्यात 'जुळलं' शिरलं. 'जवळपास' बाहेरच राहिलं. जीप एकटी उभी करून त्यानं उपरणं पत्र्यापासून खाली सोडलं आणि जमीन लागली तिथं चौथी गाठ मारली.

पुनव उजाडली. कौसा ओळखीच्या बायकांबरोबर सकाळीच पुढं गेली, देवळापाशी जागा धरायला. गेनबा मामींना जीपमध्ये शेजारी बसवून निघाला. आणि काय सांगू, घर असं चाललं की पिंपातलं पाणी हिंदकळेना! मामींनी बोटं मोडून दृष्ट काढली.

घाटाच्या पायथ्याशी गेनबा थांबला. "मामी, एकदा माप घेतो."

"घ्या जावईबापू. मी तोवर खाटेवर जरा पाठ टेकते," असं म्हणून मामी घरात गेल्या, आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या.

गेनबानं उपरणं लावलं. एका बोटाचा फरक! साखळीची एक कडी ओढली. आता फरक दुसऱ्या बाजूनं. कडी सोडली, पुन्हा पहिलाच फरक. घाम पुसला, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. उन्हं कलायला लागली. शेवटी नीट बघावं म्हणून त्यानं घराच्या चाकांना दगड लावले. भोळा होता, बेफिकीर नव्हता. पट्ट्या काढल्या, घर सोडवलं आणि जीप चार हात पुढं घेऊन उपरणं लावलं.

गाठ बरोबर जमिनीला टेकली. ना कमी, ना जास्त.

"जुळलं!" गेनबा नाचलाच. जीपमध्ये उडी मारली आणि घाट चढायला लागला. जीप काय पळाली! मिस्त्रींचा जोड म्हणजे जोड, असं तो वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होता.

देवळापुढं कौसा धावत आली. "आई कुठंय?"

"आधी माप बघ. एका बोटाचासुद्धा फरक नाही!"

"अहो, आई कुठंय? घर कुठंय?"

गेनबानं मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "घाटाखाली!"

"जा आधी! आईला घेऊन या! दिवस बुडाला की पालखी उठेल!" कौसाला रडूच फुटलं. गेनबा धूम पळत सुटला. ती मागून काहीतरी ओरडत होती, पण ते ऐकायला तो होता कुठं?

सूर्य डोंगराला टेकला. ढोल वाजायला लागले. भोई पालखीला खांदा द्यायला वाकले. कौसा पुजाऱ्याच्या पाया पडून थोडं थांबा, थोडं थांबा म्हणत होती. तेवढ्यात घाटाच्या शेवटच्या वळणावर गेनबा दिसला. घामानं निथळत, कमरेत वाकून, पायी. पाठीवर मामी. मामींच्या एका हातात खणा-नारळाची ओटी, दुसऱ्या हातानं जावयाच्या डोक्यावर टपल्या. लोकांनी हसत हसत वाट करून दिली.

मामींनी जावयाच्या पाठीवरून उतरून ओटी भरली. पालखी उठली. मामी खूप वेळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसून वळल्या, तर समोर जीप उभी.

"जावईबापू, नवस फेडलात, देवी तुमचं भलं करो. पण एवढी जीप इथं उभी होती, तर मला अख्खा घाट पाठीवर का आणलंत?"

गेनबानं धापा टाकत उपरण्याची गाठ दाखवली.

"मामी, आठ दिवसांनी आज एकदाचं जुळलंय. मिस्त्री म्हणालेत, जुळलं की हात लावायचा नाही."