हरवलेला मंगळवार

फार फार पूर्वीची गोष्ट आहे, मुलांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण चूक तुमच्या वयाच्या माणसाने केली होती.

एक राजा होता. मनाने चांगला, पण कानाचा हलका. त्याच्या राज्यात गावोगावी आठवडे बाजार भरत. या गावाचा सोमवार, त्या गावाचा मंगळवार. प्रधान म्हणाला, "महाराज, सगळे बाजार राजधानीत आणू. कशी शोभा येईल!" झालं! राजाने गावोगावचे बाजार बंद केले.

राजधानी फुगली. गावात मात्र कुंभाराची मडकी कोण घेणार? विणकराची घोंगडी कुठे खपणार? पोटासाठी दाही दिशा म्हणतात, इथे तर एकच दिशा उरली होती. माणसं राजधानीकडे निघाली. आत जागा मिळेना, म्हणून तटाबाहेर नाल्याकाठी त्यांनी झोपड्या घातल्या. आज चार, उद्या चाळीस.

एकदा राजाने सज्ज्यातून ते पाहिलं. "शी! ही घाण कुणी आणली?" म्हणाला. (कुणी आणली, ऐका!) त्याने झोपड्या पाडायचा हुकूम दिला.

सकाळी शिपाई आले. पहिलीच झोपडी गोजाबाई सुईणीची. ती भांडी बोचक्यात बांधत होती, तोच राणीची दासी धावत आली. "मावशी, चला हो! राणीसाहेब अडल्या आहेत. वैद्यांनी हात टेकले!"

शेजारीण कडाडली, "गोजाबाई, जाऊ नकोस! तुझं छप्पर पाडतायत ते!"

"अगं, त्या बाळाने कुणाचं छप्पर पाडलंय?" असं म्हणून गोजाबाईने बोचकं तिथेच टाकलं आणि निघाली.

दुपारी महालात बाळ रडलं. राणी वाचली. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने सुईणीपुढे हात जोडले. "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? तटाच्या आत मोठं घर देतो."

"घर आहे की मला, महाराज. गावाकडे, अंगणात शेवगा आहे. द्यायचंच असेल तर आमचा मंगळवार परत द्या."

"मंगळवार?"

"आमच्या बाजाराचा वार. बाजार मोडला, गाव इथे आलं. ज्यांची बाळंतपणं करायची त्या लेकीसुना नाल्याकाठी, म्हणून मीही त्यांच्यामागे आले. हौसेने कोण चिखलात राहतं, बाबा?"

राजाची मान खाली गेली. त्याने झोपड्या पाडणं तिथल्या तिथे थांबवलं. गावोगावचे बाजार परत दिले, प्रत्येक गावाला वैद्य दिला. ज्यांना नाल्याकाठीच राहायचं होतं, त्यांना पक्की घरं आणि पाण्याची विहीर दिली. पाडलेली पहिली झोपडी त्याने स्वतः उभी करून दिली, पण गोजाबाई त्याआधीच गावी पोचली होती!

पुढच्या मंगळवारी राजा-राणी बाळाला घेऊन त्या गावच्या बाजारात आले. कुंभाराकडून राजाने पहिलं मडकं घेतलं, भवानी केली. कुंभाराने पैसे कपाळाला लावले. राणीने बाळ गोजाबाईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारी बाळाला म्हणाली, "राजा, तुझ्यामुळे माझं गाव मला मिळालं रे!"

राणी म्हणाली, "आणि तुमच्यामुळे आम्हाला हा."

म्हणून सांगतो: सगळं एकाच पानात वाढलं की गर्दी त्याच पानाभोवती होणार, गर्दीला हाकलू नये, सगळ्यांची पानं वाढावीत.