कोपऱ्यातला ढग

एका खोऱ्यात सात गावं होती आणि सातांत मिळून एकच ग्रंथालय. तिथे एका तिवईवर खोऱ्याचं चित्रपुस्तक उघडं ठेवलेलं असे. कुठला ओढा कुठे नदीला मिळतो, कुठल्या गावाला कुठली वाट जाते, हे मुलं त्यातूनच शिकत. मोठी माणसंही अडलं की त्यातच बघत.

पुस्तक दर वर्षी नवं होई. मुलं गेल्या वर्षीचं समोर ठेवून नवं काढत. मग जुनं लाल फडक्यात बांधून कपाटात जाई आणि त्याला पुन्हा कुणी हात लावत नसे. तशी रीतच होती.

त्या वर्षी मधल्या गावात एक नवी सून आली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. तिची दारातली रांगोळी पाहून ग्रंथालयाच्या गुरुजींनी मुलांच्या कच्च्या रेघांवरून पक्की चित्रं काढायचं काम तिच्याकडे दिलं. सासूबाईंनी लगेच होकार दिला. गुरुजींना नाही म्हणायची त्या गावात पद्धत नव्हती.

शेवटच्या पानावर सगळं खोरं काढायचं होतं. सहा गावं बसली आणि कागद संपला. राहिली बेहडेवाडी, डोंगराआडची अकरा घरं. नेमकं सुनेचं माहेर.

"गुरुजी, ही कुठे बसवू?"

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "कोपऱ्यातली वाडी ती, राहू दे. बघ, पान कसं मोकळं दिसतंय!"

सुनेच्या ओठांवर शब्द आले होते. पण लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. तिनं ते गिळले. रिकामा कोपरा बरा दिसेना, म्हणून तिथे तिनं एक निळा ढग काढला. ढग छानच आला. सगळ्यांनी ढगाचं कौतुक केलं.

पुस्तक तिवईवर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता सासूबाईंनी विचारलं, "अगं, तुझं माहेर कुठलं गं?"

सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"बेहडेवाडी, आई."

"असं गाव आहे होय?" म्हणत त्यांनी भाकरी उलटली.

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सकाळी सकाळी थट्टा करतेस काय?"

तो बाजाराचा दिवस होता. दर बाजाराला तिचे वडील मध घेऊन यायचे आणि चिंचेखाली बसायचे, एका बाजूला मडकीवाली, दुसऱ्या बाजूला मिरचीवाला. आज दोघं होते, पण मधली जागाच नव्हती. मडकी मिरच्यांच्या ढिगाला टेकली होती.

"मावशी, इथे मधवाले बसतात ना?"

"इथे? तिसऱ्याला जागा कुठाय बाई?"

सुनेनं डोंगराकडे पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं. फक्त एका कोपऱ्यात एक ढग बसला होता. हलत नव्हता. कडा गुळगुळीत, डावं अंग थोडं फुगीर. तो वळसा तिच्या हाताला चांगला ओळखीचा होता.

आईच्या घराचं दार कुठल्या दिशेला, हे ती आठवू लागली. आठवेना. मग आईचा आवाज आठवून पाहिला. तोही येईना. मग मात्र ती पळतच ग्रंथालयात गेली आणि तिनं कपाट उघडलं.

"वहिनी, त्यांना हात लावायचा नसतो!" मुलं ओरडली.

"लावा. सगळी गाठोडी सोडा. बेहडेवाडी शोधायची आहे. मला आठवत नाही, तुम्ही वाचून सांगा."

फडकी सुटली, धूळ उडाली, मुलं शिंकली.

"सापडली! खालून ओढा जातो."

"अकरा घरं आहेत, मोजली मी."

"पारावर बेहड्याचं झाड, त्याला मधाचं पोळं!"

"दारं सगळी उगवतीला, वहिनी."

सगळ्यात धाकटी मुलगी तळाचं गाठोडं घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "वहिनी, ह्याच्यात नऊ गावं आहेत."

मुलांनी बोट लावून पुन्हा मोजली. नऊच भरली.

"काय चाललंय हे?" दारात गुरुजी उभे होते. "उद्या पुस्तकाला बक्षीस द्यायला पाहुणे येतायत. त्या पानाला हात लावशील तर याद राख!"

सून उठून उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचं गाव कुठलं?"

"माझं? लहानपणीच इथे आलो मी. गाव…" गुरुजी थांबले. "होतं काहीतरी."

धाकटीनं ते नऊ गावांचं पुस्तक पुढे धरलं आणि आता नसलेल्या एका गावावर बोट ठेवलं. एक तळं, तळ्याला दगडी पायऱ्या, पायरीवर तीन बगळे. गुरुजींनी त्या पायऱ्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "खळ आणा रे कुणीतरी. आणि कोरा कागद."

ढगावरच कागद चिकटवला. तो पानाबाहेर जिभेसारखा लोंबायला लागला. मुलं वाचून सांगत गेली, सून काढत गेली. अकरावं घर झालं, तसा अंगणातून आवाज आला.

"पोरी, आहेस का गं? सकाळी निघालो तर वाटच सापडेना. दिवसभर एका ढगात फिरतोय. आत नुसता रंगाचा वास!"

सून धावली. वडिलांच्या खांद्यावर मधाचा डबा होता आणि मुंडासं भिजून निळं झालं होतं.

पान वाकडं म्हणून पाहुण्यांनी बक्षीस दिलं नाही. तेव्हापासून मात्र नवं पुस्तक काढताना सगळी जुनी उघडतात आणि मुलं आधी प्रत्येक गावी चालत जातात. हरवलेल्या दोन गावांना फार वर्षं झाली. जुन्या पुस्तकातल्या वाटेनं गुरुजी गेले, तर वाट संपली तिथे नुसतं धुकं. आतून बगळे उडाल्याचा आवाज आला. गुरुजींनी ऐकलं तेवढंच पानावर उतरवलं. पुढच्या वर्षी त्या धुक्यात दगडाची एक पायरी दिसली.

तात्पर्य एवढंच: पान सुबक दिसावं म्हणून जे गाळतो, ते आधी कागदावरून जातं आणि मग आपल्यातून जातं. जागा पुरली नाही, तर कागद जोडावा.