घासाआधी जिरणारे पाणी

मांदेटोल्याच्या पूर्वेला, गवताळ माळावर, मातीची एक पाळ आहे. चंद्रकोरीसारखी वळलेली, दोन पुरुष उंच. तिच्या मध्यावर दगडी तुडुम आहे, म्हणजे तलावाचे पाणी शेतांकडे सोडण्याचे दार, आणि उत्तर टोकाला सांडवा. तलावाला जे जे लागते ते सगळे येथे आहे; तलाव नाही. भर श्रावणातही पाळीच्या आत कोरड्या पायांनी चालता येते. गावात या जागेला ‘आडकूची पाळ’ म्हणतात.

माती तपासायला येणाऱ्याला फागोजी कापगते आधी पाळीवर बसवतात आणि ही हकिकत ऐकवतात. ते ऐंशीच्या पुढचे आहेत आणि तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या कुळातले. मीही माती तपासायलाच गेले होते; ती जशी ऐकली तशी देते आहे. जेथे त्यांनी ‘म्हणे’ म्हटले, तेथे मीही म्हटले आहे.

मात्र जमिनीविषयी आधी सांगायला हवे, कारण हकिकत तिच्यावरच उभी आहे. वर वीतभर काळसर थर. त्याचा रंग आणि त्याची पकड, दोन्ही गवताच्या मुळांची. त्याखाली पिवळट सुटी वाळू, ओली करून मुठीत दाबली तरी जिचा गोळा होत नाही. त्याहून खाली, छातीइतक्या खोलीवर, गुळगुळीत गोटे. या प्रदेशात अतिप्राचीन काळी हिमनद्या होत्या आणि बर्फ वितळून निघालेल्या प्रवाहांनी ही वाळू आणून पसरली, असे शास्त्र सांगते. हे फागोजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बरफ? इथं? मॅडम, मे महिन्यात एक डाव या, मंग सांगा.”

पूर्वी, असे सांगतात, हा माळ कुरमारांचा होता. मालकीने नव्हे, वहिवाटीने. मेंढ्या राखणारे आणि घोंगड्या विणणारे हे लोक. पावसाळ्यात भोवतालच्या काळ्या जमिनीत चिखल होई आणि मेंढ्यांचे खूर सडत. या माळावर मात्र रात्री पडलेले पाणी सकाळपर्यंत जिरून जाई. म्हणून पावसाचे चार महिने कळप येथे राहत. दिवाळीनंतर प्यायलाही पाणी उरत नसे, तेव्हा ते दक्षिणेकडे निघत. गावाला त्यांचे जाणे नको असे. मेंढ्या शेतात बसवल्या की जमीन दोन वर्षे दुसरे खत मागत नसे.

आडकू कोहळी हा त्या वेळचा नावाजलेला तलाव बांधणारा. त्याने पंचक्रोशीत पाच तलाव बांधले होते आणि एकाही पाळीला गळती नव्हती. माती जिभेवर ठेवून तो ती किती पाणी धरील ते सांगे म्हणे. त्याने कुरमारांना शब्द दिला: माळावर तलाव बांधतो, बारा महिने पाणी देतो, तुम्ही जाऊ नका.

कुरमारांत मल्लूबाई नावाची म्हातारी होती आणि तिच्या शब्दाबाहेर कळप हलत नसे. ती म्हणाली, “पाटील, इथं पानी थांबत नाही म्हणून तर आमी येतो. तुमी ते थांबवाले निघाले.”

आडकूने वीतभर माती उकरली, भिजवली, तळहातावर वळली. तिची वळी झाली. त्याने ती म्हातारीपुढे धरली. “हे पाहा. धरते का नाही?”

“वरचं पाहून राहिले तुमी. आमची खुंटी हातभर आत जाते. त्या भोकात लोटाभर पानी टाकून पाहा.”

“आता मेंढ्यांमागं फिरणारी बाई कोहळ्याले तलाव शिकवणार!” आडकू म्हणाला, आणि जमलेले सगळे हसले. कुरमारांतली तरुण माणसेसुद्धा हसली. वर्षानुवर्षे पाठीवर बिऱ्हाड वाहून तीही थकली होती. त्याच दिवशी आडकूने नारळ फोडला आणि सर्वांसमक्ष बोलला, “या तलावाचं पानी तुमच्या मेंढ्यांच्या तोंडी लागल्याबिगर मी त्याचा घोट घेणार नाही.” शब्द असा जाहीर झाल्यावर मल्लूबाईने वाद सोडला.

भोळेपणाने किंवा आळसाने त्याची चूक झाली नाही; ती झाली कौशल्याने. पाळीची माती तलावाच्या पोटातूनच काढायची, ही कोहळ्यांची रीत. पोट खोल होते, पाळ उंच होते, एका श्रमात दोन कामे. काळ्या, चिकण जमिनीत ही रीत अचूक आहे, आणि आडकूचे पाचही तलाव तसल्याच जमिनीत होते. येथे त्याने तेच केले. दोन उन्हाळे गावकरी आणि कळपांबरोबर न जाता मागे राहिलेले तरुण कुरमार टोपली वाहत राहिले, आणि माळावरची ती वीतभर कातडी सोलून पाळीवर चढत राहिली. खालून पिवळी वाळू निघाली तेव्हा आडकू एक दिवस काम थांबवून बसला होता, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याने काम पुन्हा सुरू केले. तो दिवसभर काय विचार करत होता, हे कोणी सांगत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात ओढा फुगला आणि तलावात पुरुषभर पाणी चढले. पाळीवर पूजा झाली. मेंढ्या काठावर उभ्या राहून पाणी प्याल्या आणि आडकूनेही ओंजळ भरून घेतली. दसऱ्याला तळ दिसू लागला. दिवाळीला तेथे लहान पोरे खेळत होती.

कुरमार दिवाळीला निघाले नाहीत. आडकू म्हणत होता, अजून एक पाऊस होईल, बुड मुरेल, पाणी धरेल. पाऊस झाला नाही. पौषात निघायचे ठरले तेव्हा वाटेवरची कुरणे इतर कळपांनी चरून संपवली होती आणि डबकी आटली होती. माळ सोललेला, तेथे गवत उगवेना, वाळू मात्र वाऱ्याबरोबर उडे. कळपांना गावातल्या एका विहिरीचे पाणी पुरवले जाऊ लागले. फाल्गुनात विहीर खोल गेली आणि गावाने तिच्याभोवती काटे लावले.

काटे लावणाऱ्यांत आडकू होता की नव्हता, हे मी दोनदा विचारले. “गाव होतं,” एवढेच उत्तर दोन्ही वेळा मिळाले.

चारशे मेंढ्यांतल्या साठ उरल्या म्हणे. त्या घेऊन कुरमार निघाले तेव्हा आडकू लोटाभर पाणी घेऊन आडवा आला आणि मल्लूबाईच्या पायाशी बसला. तिने शाप दिला नाही. हे फागोजी मुद्दाम थांबून सांगतात. तिने कमरेची भाकरी सोडली, लोटा घेतला आणि पाणी तलावाच्या उघड्या बुडावर ओतले. मग एक घास तोंडात घातला. “घास गिळेपर्यंत हे पानी थांबलं, तर तुमच्या गावचं पानी पिईन.” तिने चावायला सुरुवात केली नाही तोच पाणी नाहीसे झाले. “नाही थांबलं,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी येऊ.”

उरलेले आयुष्य आडकूने त्या बुडावर घातले. जुन्या तलावांतला चिकण गाळ तो डोक्यावरून आणी, खळ्याएवढ्या जागेत पसरे आणि पायांनी तुडवी. म्हातारी दरवर्षी दिवाळीनंतर निघताना येई, लोटा ओती, घास घेई आणि ‘नाही थांबलं, पुढच्या वर्षी येऊ’ म्हणून वाटेला लागे. नवव्या वर्षी पाणी जिरायला इतका वेळ लागला की लोक ओरडू लागले: “गिळ माय, गिळ!” तिने न चावता गिळायचा प्रयत्न केला, तिला ठसका लागला, आणि ठसका थांबेपर्यंत जमीन कोरडी होती. त्या वर्षी तिने घास मोठा घेतला होता की लहान, यावर गावात अजून दोन मते आहेत. त्यानंतर ती आली नाही. तिची सून आली.

तेव्हापासून मांदेटोल्यात दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी घरटी एक टोपले गाळ त्या खळ्यावर टाकतात. माळावरून मात्र मूठभर मातीही कोणी उचलत नाही, आणि खुंटी उपटली तर तिचे भोक गवताच्या ढेकळाने बुजवतात.

मला खणायची परवानगी अर्थातच नव्हती. पण ओढ्याने खळ्याची एक कड कापली आहे आणि त्या कापात जमीन आतून दिसते. कमरेइतक्या खोलीवर, पिवळ्या वाळूत, बोटाएवढ्या जाडीच्या तांबूस रेघा आहेत, एकीखाली एक. पाणी चिकणमातीचे बारीक कण सुट्या वाळूतून खाली नेते आणि ते तेथे अडकतात. अशा रेघा अशा जमिनीत माणसाशिवायही तयार होतात; म्हणून त्या कशाचाही पुरावा नाहीत. मी हे सारे फागोजींना समजावून सांगितले: टाकलेला गाळ वर राहत नाही, राहणारही नाही. ते काठीच्या आधाराने वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“यातली आडकूची कोणती?”

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

कुरमारांचे कळप आता कमी येतात. यंदा एकच आला, सत्तर-ऐंशी मेंढ्यांचा. बरोबर राजमाबाई नावाची वृद्धा आणि तिचा जावई. गाव गाळाची टोपली घेऊन पाळीखाली उभे होते. कोणीतरी म्हणाले, “माय, यंदा घास बारका घे वो,” आणि दोघीचौघी हसल्या. राजमाबाईही हसली. तिने लोटा ओतला. भाकरीचा तुकडा तोंडाशी जाईपर्यंत पाणी संपले होते.

“नाही थांबलं,” ती म्हणाली.

सगळे पुढचे शब्द ऐकायला थांबले. तिने हातातला तुकडा पदरात बांधला, रिकामा लोटा फागोजींना दिला आणि मेंढ्यांमागे चालू लागली. जावई आधीच पुढे गेला होता. ओढा ओलांडून त्यांनी वळून पाहिले नाही.

“बोलली नाही,” गावातली एक सून हळूच म्हणाली.

“येणार नाही, असंबी नाही बोलली,” फागोजी म्हणाले, आणि आपले टोपले खळ्यावर उपडे केले. मग एकामागून एक सगळ्यांनी केले. आजही पाळीच्या आत त्या वर्तुळात ताज्या गाळावर पावलांचे ठसे दिसतात. पहिल्या पावसापर्यंत ते टिकतात.